सेन्सर लावून ऊर्जाबचत : पहिल्या मीटरपासून सुरुवात कशी करायची

सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद असतो, पण मुख्य मीटर थांबलेला नसतो. कॉम्प्रेसर गळक्या सांध्यांना हवा पुरवत असतो, थंड पाण्याचा पंप कुणालाही नको असताना फिरत असतो, रिकाम्या कार्यालयातलं वातानुकूलन चालूच राहिलेलं असतं. महिन्याच्या बिलात हे सगळं एका आकड्यात मिसळून जातं. किती वीज गेली ते बिल सांगतं. कधी, कुठे आणि कशापायी गेली ते सांगत नाही. शहराचंही तसंच आहे. पाणी उपसणारे पंप, रस्त्यावरचे दिवे, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं, सार्वजनिक इमारती हे सगळे रात्रंदिवस वीज घेतात, आणि त्यातली गरजेची किती नि वाया गेलेली किती हे बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं.

जोडलेले सेन्सर, म्हणजे मोजलेला आकडा नेटवर्कवरून आपोआप पाठवणारी उपकरणं, तो एक आकडा तासातासांत आणि यंत्रायंत्रांत फोडून दाखवतात. या क्षेत्रात नवीन असाल तर एक गोष्ट मात्र पक्की धरून चाला: सेन्सर स्वतः एक युनिटही वाचवत नाही. व्हॉल्व्ह बंद केला, सेटिंग बदललं, गळती दुरुस्त झाली, की वीज वाचते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत राहायचा आहे: हा आकडा पाहून कोण काय करणार?

पहिली पायरी : प्रश्न कागदावर उतरवा

उपकरणांची दरपत्रकं मागवण्याआधी तीन रकान्यांचा एक तक्ता करा. काय जाणून घ्यायचंय, ते कळल्यावर कोणता निर्णय बदलेल, आणि तो निर्णय कुणाच्या हातात आहे. उदाहरणार्थ, "सुट्टीच्या दिवशी कॉम्प्रेसर किती वीज घेतो?" हा प्रश्न. "शेवटची शिफ्ट संपताना हवेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा" हा निर्णय. "शिफ्टचा पर्यवेक्षक" हा माणूस. तिसरा रकाना भरता आला नाही तर तो सेन्सर विकत घेऊ नका. हा नियम कठोर वाटेल, पण शेकडो ठिकाणी सेन्सर बसवून, भिंतीवर मोठा पडदा लावून, त्याकडे कुणीच पाहत नाही अशी अवस्था याच एका चुकीतून येते.

शहराच्या कामात हा तिसरा रकाना जास्त अवघड जातो. दिवे एका विभागाकडे, पाणी दुसऱ्याकडे, आणि बिल भरणारा विभाग तिसराच. ज्याचा पंप आहे त्याला बिलाची झळ लागत नाही आणि ज्याला झळ लागते त्याच्या हातात पंपाची कळ नसते. या सगळ्यांची एकत्र बैठक पहिला सेन्सर बसण्याआधी व्हायला हवी.

दुसरी पायरी : मोठे वापरकर्ते हुडका

सगळं मोजायची गरज नाही. यंत्रांची यादी करा, प्रत्येकापुढे किलोवॉट आणि रोजचे तास लिहा, गुणाकार करा आणि उतरत्या क्रमाने लावा. इथे डोळ्यांची फसगत होते. दिवसातून २ तास चालणारं २०० किलोवॉटचं यंत्र सगळ्यांच्या नजरेत भरतं, पण त्याची रोजची वीज झाली ४०० युनिट. कोपऱ्यात चोवीस तास फिरणारा ५५ किलोवॉटचा पंप पूर्ण भाराने चालत असेल तर १,३२० युनिट घेतो. नावपट्टीवरचा आकडा यंत्राची क्षमता सांगतो, ते प्रत्यक्षात किती वीज ओढतं ते सांगत नाही. त्यामुळे ही यादी अंदाजाचीच असते, पण सुरुवातीला अंदाज पुरतो.

यादीच्या वरच्या टोकाला बहुतेक ठिकाणी मोटरवर चालणारी यंत्रणा सापडेल: पंप, पंखे, कॉम्प्रेसर. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०११ मधल्या अभ्यासानुसार जगातल्या एकूण वीजवापरापैकी सुमारे ४५ टक्के वाटा मोटरवर चालणाऱ्या यंत्रणांचा होता.

मग मोजणीची उतरंड आखा: सगळ्यात वर मुख्य मीटर, त्याखाली फीडर (म्हणजे एकेका विभागाला वीज नेणाऱ्या वाहिन्या), त्याखाली मोठी यंत्रं. फीडरांची बेरीज मुख्य मीटरशी दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने जुळायला हवी. ती जुळेपर्यंत कुठल्याही आलेखावर विश्वास ठेवू नका. पहिल्या टप्प्यात दहा-पंधरा ठिकाणं मोजली तरी मध्यम आकाराच्या कारखान्यात भरपूर कळतं.

तिसरी पायरी : सेन्सर निवडा

विजेसाठी ऊर्जा मीटर लागतं, आणि त्याला जोडलेले करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे केबलमधला करंट मीटरला मोजता येईल एवढा लहान करून देणारी कडी, जिला सगळे सीटी म्हणतात. चालू पॅनेलमध्ये केबल सोडवता येत नसेल तर उघडून केबलभोवती बसवता येणारे सीटी मिळतात. त्यांच्या दोन पाकळ्यांमध्ये धूळ किंवा फट राहिली तर आकडा चुकतो, म्हणून ते घट्ट बंद झालेत का ते नीट पाहा. सीटीची क्षमता भाराच्या जवळपास असू द्या. २० अँपिअर घेणाऱ्या मोटरवर ४०० अँपिअरचा सीटी लावला तर तो आपल्या पल्ल्याच्या तळाशी काम करतो आणि अचूकता हरवते. अंतर्गत मोजणीसाठी वर्ग १ चं, म्हणजे साधारण १ टक्क्याच्या आत चुकणारं, मीटर चालतं. पैशांची वाटणी त्यावर होणार असेल तर वर्ग ०.५ घ्या.

फक्त करंट मोजणारे स्वस्त सेन्सरही असतात. यंत्र चालू आहे की बंद, लोडवर आहे की रिकामं फिरतंय, एवढंच पाहायचं असेल तर ते पुरतात. युनिटांचा हिशेब मात्र त्यांच्यावर करू नका. कमी भाराच्या मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटमधला खरोखर कामी येणारा वाटा, बराच खाली येतो, त्यामुळे करंटवरून काढलेली वीज खऱ्यापेक्षा खूप जास्त दिसते.

तापमानासाठी पीटी-१०० हा जुना, भरवशाचा पर्याय आहे: शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम असतो, शंभर अंशाला सुमारे १३८.५ ओहम. भट्टीसारख्या खूप गरम जागी थर्मोकपल लागतं. थंड किंवा गरम पाण्यातून किती उष्णता वाहून गेली ते मोजताना जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्याच्या तापमानांतला फरक महत्त्वाचा असतो, आणि चुका इथेच सर्वांत जास्त होतात. फरक ५ अंशांचा असताना एक सेन्सर अर्धा अंश वर आणि दुसरा अर्धा अंश खाली दाखवत असेल, तर उष्णतेच्या हिशेबात २० टक्के चूक शिरते. अशा ठिकाणी एकमेकांशी जुळवलेली सेन्सरची जोडीच घ्यावी.

प्रवाहमापकाला दोन्ही बाजूंना सरळ पाइप लागतो. ढोबळ नियम असा: प्रवाह येतो त्या बाजूला पाइपाच्या व्यासाच्या दहापट आणि जातो त्या बाजूला पाचपट. पाइपाच्या बाहेरून चिमटवून बसवायचे अल्ट्रासॉनिक मापक पाइप न कापता बसतात, म्हणून तात्पुरत्या तपासणीला फार उपयोगी पडतात.

चौथी पायरी : बसवणी, आणि जिवाची काळजी

पॅनेल उघडायचं काम पात्र वीजतंत्रज्ञाचंच आहे. शक्य असेल तिथे शटडाउन घेऊन, ब्रेकरला कुलूप लावून, वीज नाही याची खात्री करूनच हात घाला. एक धोका नवख्यांना ठाऊक नसतो: १ किंवा ५ अँपिअर देणाऱ्या सीटीची दुय्यम बाजू (मीटरकडे जाणाऱ्या तारांची) मुख्य केबलमधून प्रवाह चालू असताना कधीही उघडी ठेवायची नसते. उघड्या टोकांवर जीवघेणा व्होल्टेज तयार होऊ शकतो. मीटर काढायचं असेल तर आधी ती टोकं शॉर्ट करा. नव्या उपकरणांत कमी व्होल्टेज देणारे सीटी मिळतात, ज्यांत हा धोका आतच मिटवलेला असतो. निवडीला वाव असेल तर मी तेच घ्यायला सांगेन.

सीटीवरचा बाण वीज ज्या दिशेला जाते त्या दिशेने हवा. ज्या फेजवर सीटी आहे, त्याच फेजचा व्होल्टेज मीटरच्या त्या खणात जायला हवा. ही अदलाबदल झाली तरी मीटर चालतं आणि आकडे दाखवतं. ते आकडे चुकीचे असतात एवढंच. ओळखायची खूण म्हणजे एखाद्या फेजची वीज उणे दिसते किंवा तिन्ही फेजचे पॉवर फॅक्टर एकमेकांपासून फारच वेगळे येतात. बसवल्या दिवशीच एखादा ठाऊक असलेला भार चालू-बंद करून आकडा तेवढाच हलतो का ते पाहा. ही तपासणी पाच मिनिटांची असते. ती टाळली तर पुढचे कित्येक महिने चुकीच्या आकड्यांवर निर्णय होत राहतात.

पाचवी पायरी : जोडणी

कारखान्याच्या पॅनेलरूममध्ये माझं मत वायरच्या बाजूने आहे. बहुतेक ऊर्जा मीटर आरएस-४८५ या दोनतारी जोडणीवर मॉडबस ही उपकरणांची ठरलेली भाषा बोलतात. मॉडबस १९७९ पासून वापरात आहे आणि अजून टिकून आहे, कारण तो साधा आहे आणि जवळजवळ प्रत्येक उपकरणाला समजतो. एका ओळीवर ३२ सामान्य उपकरणं आणि सुमारे १,२०० मीटर लांबी, ही मर्यादा लक्षात ठेवा. मीटर एकापुढे एक असे साखळीत जोडा, फांद्या फोडू नका, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावा आणि प्रत्येक मीटरला वेगळा पत्ता द्या. जोडणी चालत नाही अशा बहुतांश तक्रारी या चार गोष्टींतच मिटतात.

शहरभर विखुरलेल्या ठिकाणी वायर शक्य नसते. तिथे लोरावॅन हे लांब पल्ल्याचं, कमी वीज घेणारं रेडिओ नेटवर्क किंवा मोबाइल कंपन्यांचं एनबी-आयओटी हे तशाच कामाचं नेटवर्क वापरतात. लोरावॅन थोडा डेटा कमी वेळा पाठवण्यासाठी आहे: दर पंधरा मिनिटांनी पाण्याच्या मीटरचा आकडा पाठवायला उत्तम, दर सेकंदाला मोटरचा करंट पाठवायला निरुपयोगी. बॅटरी किती वर्षं टिकते हे आकडा किती वेळा पाठवता आणि सिग्नल किती लांब जातो यावर ठरतं. पत्रकातला वर्षांचा आकडा सर्वांत अनुकूल स्थितीतला असतो, हे गृहीत धरून नियोजन करा.

सेन्सरांकडून आकडे गोळा करून गेटवे ते पुढे पाठवतो, आणि त्यासाठी बरेचदा एमक्यूटीटी ही पद्धत वापरली जाते. ती १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहाद्वारे नजर ठेवण्यासाठी तयार झाली, म्हणून तुटपुंज्या जोडणीवरही निभावते. गेटवे घेताना एकच गोष्ट आवर्जून विचारा: इंटरनेट गेलं तर आकडे तो स्वतःजवळ साठवून ठेवतो का, आणि जोडणी परत आल्यावर पाठवतो का? उत्तर नाही असेल तर दुसरा पाहा.

सहावी पायरी : डेटा विश्वासार्ह ठेवा

दर पंधरा मिनिटांनी एक आकडा म्हणजे वर्षाला एका ठिकाणाचे ३५,०४० आकडे. मुख्य मीटर आणि फीडरसाठी एवढं पुरे. कॉम्प्रेसर, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) यांसारखी वारंवार लोड-अनलोड होणारी यंत्रं मात्र एका मिनिटाने किंवा त्याहून जलद मोजा, नाहीतर त्यांचे फेरे सरासरीत गुडूप होतात.

मीटरमधून क्षणाचे किलोवॉट घेता तसे एकूण युनिटांचे चढते आकडेही घ्याच. मधले दोन तास जोडणी तुटली तरी आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची वजाबाकी करून त्या दोन तासांची वीज अचूक कळते. फक्त किलोवॉट साठवत असाल तर ते दोन तास कायमचे गेले. सगळ्या उपकरणांची घड्याळं नेटवर्कवरून एकाच वेळेला बांधा. आणि ठिकाणांना नावं देताना पहिल्या दिवसापासून शिस्त ठेवा: इमारत, पॅनेल, यंत्र, राशी, एकक. "मीटर ७" हे नाव वर्षभराने कुणालाच काही सांगत नाही.

सातवी पायरी : काहीही बदलण्याआधी आधाररेषा

मीटर बसले की लगेच सुधारणा करायची घाई होते. निदान चार ते सहा आठवडे नुसतं मोजा. वातानुकूलन किंवा तापवणं हा मोठा भाग असेल तर सगळ्या ऋतूंचा अंदाज यायला जुनी बिलंही सोबत घ्या. आठवड्याचं उत्पादन आडव्या अक्षावर आणि आठवड्याची वीज उभ्या अक्षावर मांडा. ठिपक्यांमधून जाणारी सरळ रेषा दोन गोष्टी सांगते. रेषेचा चढ म्हणजे एक नग किंवा एक टन माल करायला लागणारी वीज. रेषा उभ्या अक्षाला जिथे भेटते ती वीज उत्पादन शून्य असलं तरी जातेच. हा दुसरा आकडा मोठा निघाला तर आनंद माना, कारण सर्वांत सोपी बचत तिथेच दडलेली असते.

हीच रेषा पुढे दर आठवड्याला अपेक्षित वीज सांगते. प्रत्यक्ष वजा अपेक्षित, असा फरक काढून तो साठवत जा. या साठलेल्या बेरजेचा आलेख ज्या आठवड्यात वळतो, त्या आठवड्यात काहीतरी बदललेलं असतं. नवं यंत्र, बिघडलेला व्हॉल्व्ह, कुणी तरी हलवलेलं सेटिंग, जे असेल ते त्या आठवड्याच्या नोंदवहीत शोधता येतं.

आठवी पायरी : कारखान्यातल्या पहिल्या बचती

सुरुवात रात्रीच्या आणि सुट्टीच्या भारापासून करा. आठवड्याचे सात दिवस उभे आणि चोवीस तास आडवे मांडून वापरानुसार रंग भरला की जे रिकामं दिसायला हवं तिथे रंग दिसतो. मग एकेक फीडर पाहत खाली उतरत जा.

दाबाखालच्या हवेला मी पहिला मान देतो, कारण ती कारखान्यातली सर्वांत महागडी ऊर्जा आहे आणि सर्वांत निष्काळजीपणे वापरली जाते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णता होऊन निघून जातो, आणि तयार झालेल्या हवेतूनही देखभाल नसलेल्या ठिकाणी २० ते ३० टक्के गळतीत जाणं सर्रास आढळतं. ७ बार दाबाच्या पाइपाला ३ मिलिमीटरचं एक छिद्र पडलं तर सेकंदाला साधारण १० लिटर हवा बाहेर जाते आणि कॉम्प्रेसरवर ३ ते ४ किलोवॉटचा भार पडतो. वर्षभर अखंड चाललं तर एका छिद्रापायी २५ ते ३५ हजार युनिट.

ही गळती मोजायला कॉम्प्रेसरवरचा एक साधा करंट सेन्सर पुरतो. उत्पादन पूर्ण बंद असताना, हवा वापरणारं एकही यंत्र चालू नसताना, एकच स्थिर गतीचा कॉम्प्रेसर चालू ठेवा. करंटच्या आलेखात लोड (हवा भरताना) आणि अनलोड (रिकामं फिरताना) हे टप्पे स्वच्छ वेगळे दिसतात. समजा तो २ मिनिटं लोडवर आणि ६ मिनिटं अनलोडवर असा फिरतोय. दोनला आठाने भागा: कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा गळतीत चालली आहे. हा आकडा कुणाच्या अंदाजावर नाही, तुमच्याच यंत्राने दिलेला आहे, म्हणून देखभाल विभागाशी बोलताना त्याचं वजन पडतं. मग अल्ट्रासॉनिक गळतीशोधक घेऊन लाइनभर फिरा, सापडलेल्या जागेवर क्रमांकाची चिठ्ठी बांधा, दुरुस्ती करा आणि हीच चाचणी पुन्हा घ्या. गळती परत येत राहते, म्हणून ही चाचणी दर महिन्याला आपोआप व्हावी अशी व्यवस्था करा. सुट्टीच्या पहाटेचा डेटा त्याला पुरतो.

त्याच आलेखात आणखी दोन गोष्टी दिसतात. अनलोडवर फिरणारा स्क्रू कॉम्प्रेसर हवा देत नसतानाही पूर्ण भाराच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढी वीज घेतो. दोन कॉम्प्रेसर अर्धवट चालत असतील तर एक बंद करता येतो का ते पाहा. आणि लाइनच्या शेवटच्या टोकाला दाबाचा सेन्सर लावा. टोकाशी गरजेपेक्षा जास्त दाब मिळत असेल तर कॉम्प्रेसरचं सेटिंग थोडं थोडं उतरवा. सात बारच्या आसपास १ बार कमी केला की कॉम्प्रेसरची वीज साधारण ६-७ टक्क्यांनी घटते.

पंप आणि पंख्यांचं गणित वेगळं आणि फार उपकारक आहे. त्यांची वीज गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. गती ८० टक्क्यांवर आणली तर वीज जवळपास ५१ टक्के राहते. म्हणून व्हॉल्व्ह किंवा डँपर (हवेच्या वाटेतली झडप) अर्धवट बंद ठेवून चालणारा पंप किंवा पंखा सापडला तर तिथे गती बदलणारा ड्राइव्ह आणि दाबाचा किंवा तापमानाचा सेन्सर यांची जोडी बहुधा लाभाची ठरते. पाणी उंच टाकीत चढवणाऱ्या पंपाला हा घनाचा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, कारण उंची गती कमी केल्याने कमी होत नाही. अशा ठिकाणी आधी पंपाचा आलेख काढून हिशेब करा.

बॉयलरवर धुराचं तापमान आणि धुरातला ऑक्सिजन हे दोन सेन्सर पुरेसे बोलके असतात. धुराचं तापमान साधारण २० ते २२ अंशांनी उतरलं की कार्यक्षमता १ टक्क्याने वाढते, असा जुना ठोकताळा आहे. तापमान महिन्यागणिक चढत गेलं तर नळ्यांवर काजळी किंवा क्षार साचतोय असं समजा.

नववी पायरी : शहरातली कामं

पाणीपुरवठ्यात सर्वांत जास्त अर्थ भरलेला आकडा आहे एक घनमीटर पाण्यामागे लागणारी वीज. एक घनमीटर पाणी १०० मीटर उंच चढवायला तत्त्वतः सुमारे ०.२७ युनिट लागतात. पंप आणि मोटर मिळून ६५ टक्के कार्यक्षम असतील तर सुमारे ०.४२. प्रत्येक पंपाला ऊर्जा मीटर, प्रवाहमापक आणि दाबाचे सेन्सर दिले की कोणता पंप झिजलाय ते नावासकट कळतं. आणि वस्तीतला पहाटे २ ते ४ या वेळेतला प्रवाह पाहा. पाणी चोवीस तास सुरू असणाऱ्या भागात तेव्हा लोक झोपलेले असतात, तेव्हाचा प्रवाह बराचसा गळतीचा असतो. गळणाऱ्या प्रत्येक लिटरमागे तो शुद्ध करायची आणि चढवायची वीजही गेलेली असते. रात्री दाब कमी करता आला तर गळतीही घटते आणि पंपाचा भारही.

सांडपाणी शुद्धीकरणात टाक्यांत हवा सोडणारे ब्लोअर बरेचदा केंद्राच्या निम्म्याहून अधिक वीज घेतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजून ब्लोअरची गती बदलणं हा इथला मुख्य उपाय. लक्ष्य साधारणपणे लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. पण सेन्सरवर शेवाळ आणि मळ साचला की तो ऑक्सिजन कमी दाखवू शकतो, मग ब्लोअर उगाच जोरात फिरतात. म्हणजे न पुसलेला सेन्सर वीज वाढवतो. सफाईचं वेळापत्रक आणि त्याचा जबाबदार माणूस खरेदीच्याच कागदपत्रांत ठरवा.

रस्त्यावरच्या दिव्यांत पहिली बचत साधी आहे: दिवसा जळणारे दिवे शोधणं, आणि फीडरच्या मीटरवर ते दुपारी लगेच दिसतात. मंद करण्याचं गणित असं: १०० वॉटचा एलईडी दिवा १२ तास जळला तर १,२०० वॉट-तास, त्यातले मध्यरात्रीनंतरचे ६ तास निम्म्या प्रकाशावर आणला तर सुमारे ९०० वॉट-तास. पण प्रत्येक खांबावरचा नियंत्रक स्वतः १ वॉट घेत असेल तर रोजचे २४ वॉट-तास या बचतीतून वजा करा. छोट्या दिव्यांवर बचतीचा बराच भाग यातच जातो. तिथे खांबागणिक नियंत्रकाऐवजी पूर्ण फीडरचं नियंत्रण बरं. चौक, पादचारी ओलांडण्याच्या जागा आणि अपघाताच्या जागा मंद करायच्या यादीतून काढा. अंधारात चालणाऱ्या माणसाची सुरक्षितता विजेच्या हिशेबात मोजली जात नाही.

इमारतींत कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर ताजी हवा गरजेपुरती आत घ्यायला मदत करतात. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतो; आत साधारण ८०० ते १,००० पीपीएम ही मर्यादा धरून पंखे चालवतात. बरेच सेन्सर "आठवड्यात कधीतरी खोली रिकामी होते" असं धरून स्वतःला आपोआप जुळवून घेतात. रुग्णालयासारख्या चोवीस तास भरलेल्या जागी ते हळूहळू चुकत जातात, म्हणून तिथे ही सोय बंद करून हाताने कॅलिब्रेशन करावं.

दहावी पायरी : अलार्म थोडे, माणूस ठरलेला

दिवसाला पन्नास अलार्म आले की दोन आठवड्यांत लोक ते बघणं सोडतात. सुरुवातीला तीन-चारच ठेवा, आणि प्रत्येकात काय करायचं ते लिहा: "कॉम्प्रेसर २ रात्री १ नंतर चालू आहे, शेवटचा व्हॉल्व्ह तपासा." आठवड्यातून एकदा अर्धा तास बसून उत्पादन, देखभाल आणि हिशेब या तिघांनी आलेख पाहावेत. कामगारांना आकडे दाखवा, त्यांच्या सूचना घ्या; कोणती मशीन कधी रिकामी फिरते हे त्यांना आलेखाआधीपासून ठाऊक असतं. आकडे कुणाला पकडायला वापरले तर मात्र सेन्सरची वायर लवकरच "चुकून" निघते.

सुरक्षितता आणि खासगीपण

२०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने उत्पादक कंपनीने दिलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन इंटरनेटवर मोठे हल्ले केले. म्हणून पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, मोजणीचं नेटवर्क कार्यालयाच्या आणि यंत्रनियंत्रणाच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा, आणि सुरुवातीला फक्त वाचा. बाहेरून यंत्र चालू-बंद करायची सोय नंतर, नीट विचार करून.

घराच्या पंधरा मिनिटांच्या वीजवापरावरून माणूस कधी उठतो, कधी घरात नसतो हे कळतं. शहराने असा डेटा घेताना गरजेपेक्षा बारीक घेऊ नये, वस्तीपातळीवर एकत्र करून साठवावा आणि किती काळ ठेवणार ते नागरिकांना आधी सांगावं.

बचत मोजणं आणि यंत्रणा जिवंत ठेवणं

या वर्षीच्या बिलातून गेल्या वर्षीचं बिल वजा केलं म्हणजे बचत होत नाही. उत्पादन घटलं असेल, हवामान सौम्य असेल. सातव्या पायरीतल्या रेषेत या वर्षीचं उत्पादन घाला, सुधारणा झाली नसती तर किती वीज लागली असती ते काढा आणि त्यातून प्रत्यक्ष वीज वजा करा. आंतरराष्ट्रीय पातळीवर यासाठी आयपीएमव्हीपी ही पद्धत वापरतात, आणि संस्थेचा सगळा ऊर्जाकारभार बांधायचा असेल तर आयएसओ ५०००१ हे मानक आहे. ते २०११ मध्ये आलं आणि २०१८ मध्ये सुधारलं गेलं. लहान कारखान्याला प्रमाणपत्र घ्यायलाच हवं असं नाही, पण त्यातली आधाररेषा, जबाबदारी आणि नियमित आढावा ही चौकट उचलण्यासारखी आहे.

गेटवे, सर्व्हर, पडदे यांची स्वतःची वीजही हिशेबात धरा. ५ वॉटचा एक गेटवे वर्षाला सुमारे ४४ युनिट घेतो. एकटा असेल तर किरकोळ, शहरभर हजारो असतील तर नाही.

शेवटी सेन्सरांचीच एक नोंदवही ठेवा: कुठे बसवला, कधी बसवला, बॅटरी कधी बदलली, कॅलिब्रेशन कधी झालं, सीटीचं गुणोत्तर काय. एखादा सेन्सर बदलला तर ती तारीख डेटातही नोंदवा, म्हणजे त्या दिवशी आलेखात दिसणारी उडी बचत आहे की नवा सेन्सर आहे, हे पुढे पाहणाऱ्याला कळेल.